जुनं पॉइंट बत्तीस घेताना

शस्त्र परवाना हातात पडला की पुढचा प्रश्न पैशांचा. नवं घ्यायचं की कुणाचं वापरलेलं? वापरलेल्याची चौकशी करायला गन हाऊसमध्ये गेलात, तर काउंटरवर दोन रिव्हॉल्व्हर शेजारी शेजारी ठेवलेली दिसतील. एक कानपूरचं, पाच-सहा वर्षांचं. दुसरं बर्मिंगहॅमचं, तुमच्या वडिलांच्या वयाचं, आणि पहिल्याच्या कितीतरी पट महाग. दोन्ही .३२ बोअर, दोन्हींत सहाच काडतुसं. १९८० च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, आणि तोवर देशात आलेली तेवढीच हातोहात फिरत राहिली. त्यामुळे आपल्याकडे जुन्या रिव्हॉल्व्हरचा भाव काढायचा म्हणजे दोन वेगळे हिशेब करायचे. पोलादाचे किती आणि नळीवरच्या नावाचे किती, हे आधी सुटं करा. विकणारा ते सुटं करून देणार नाही.

सुरुवात कागदांपासून करा. हत्यार हातात घेऊ नका, आधी परवाना मागा. त्यावर लिहिलेला नंबर, बोअर आणि मेक हत्यारावरच्या कोरीव अक्षरांशी ताडून पाहा. परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक आहे ना, तेही पाहा. मूळ मालक वारला असेल आणि वारस विकत असतील, तर हत्यार कुठे जमा होतं आणि त्याची पावती आहे का, हे विचारा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा कानशीने पुसट केलेला वाटला तर तिथेच नमस्कार करून उठा. इथे भाव पाडून मागायचा प्रश्नच येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम सांगतं की, नंबर खोडलेलं हत्यार ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच तो खोडला असं गृहीत धरलं जाईल. उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. बोअरही इथेच पाहून घ्या. .३८ आणि ९ मिमी ही पोलीस-लष्कराची मापं. साध्या परवान्यावर ती चालत नाहीत, म्हणूनच आपल्याकडे सगळा बाजार पॉइंट बत्तीसभोवती आहे.

कागद जुळले की हत्यार नेमकं कुणी बनवलं ते ठरवा. इथे माणसं सर्रास फसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एइबार गावातल्या कारखान्यांनी स्मिथ अँड वेसनच्या आणि वेबलीच्या नकला भरपूर काढल्या, आणि जगभर विकल्या. अशा नकलेच्या नळीवर ‘स्मिथ अँड वेसन’ ही अक्षरं खरोखर असतात, पण पूर्ण ओळ वाचली की कळतं, ती काडतुसाचं नाव सांगतेय, ‘स्मिथ अँड वेसनची काडतुसं वापरा’ एवढंच. विकणारा त्यातल्या दोन शब्दांवर बोट ठेवतो. भिंग बरोबर न्या, नळीची दोन्ही अंगं आणि फ्रेम पूर्ण वाचा, प्रूफचे शिक्के पाहा. नकलेला नावाचा भाव शून्य. पोलादाचा भावही मी अर्ध्यावर आणीन, कारण त्या कारखान्यांचं पोलाद एका जातीचं नव्हतं.

परदेशी हत्यारात आणखी एक गोष्ट विचारायची: चेंबर लांब की आखूड? आज सहज मिळणारं रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं, बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं असलेलं. काही जुनी खिशातली रिव्हॉल्व्हरं मात्र त्याच्या आखूड भावंडासाठी बनलेली आहेत. लाँग त्यांत बसतच नाही, आणि आखूड शोधत फिरावं लागतं. .३२ पिस्तुलाचं काडतूस तर तिसरंच. ज्याला काडतूस मिळत नाही ते रिव्हॉल्व्हर शोकेसची वस्तू समजा, आणि शोकेसचाच भाव द्या.

आता तुलनेचा आकडा मिळवा. देशी रिव्हॉल्व्हर असेल तर त्याच मॉडेलचा किंवा त्याच्या जवळच्या मॉडेलचा आजचा नवा भाव, करासकट, दुकानदाराकडून लेखी घ्या. करासकट असं मुद्दाम म्हणतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. विकणाऱ्याने केव्हा किती मोजले होते, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आज नवं घ्यायला गेलात तर तुमच्या खिशातून किती जातील, तो आकडा म्हणजे शंभर. कानपूरच्या वापरलेल्या हत्याराचा भाव या शंभराच्या वर जाता कामा नये, मग ते कितीही ‘जपलेलं’ असो. मॉडेलही पाहा. कानपूरचं जुनं आयओएफ (इंडियन ऑर्डनन्स फॅक्टरी) आणि २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ ही दोन्ही वेबलीच्या घाटाची, मधून मोडून उघडणारी. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चं सिलिंडर बाजूला उघडतं. नवा घाट बाजारात आला की जुन्याचा भाव आपोआप ढिला पडायला हवा, पण दुकानदार ते सांगत नाहीत, तुम्ही सांगा.

यानंतर हत्यार हातात घ्या. उघडा, सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. टेबलावर एकही काडतूस नको. नळीचं तोंड माणसांपासून दूर, भिंतीकडे. मालकाला विचारल्याशिवाय रिकामा चाप ओढू नका. चेंबरमध्ये घालायची डमी काडतुसं मिळाली तर उत्तम. झाडून पाहण्याची सोय बहुतेक वेळा नसतेच, म्हणून हाताने होणारी ही तपासणीच काय ती खरी.

घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे घ्या, आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकंसं टेकवून ठेवा, फिरताना थोडा अडथळा व्हावा इतपत. घोडा पूर्ण मागे बसण्याआधी किंवा बसताक्षणी सिलिंडर ‘टक्’ करून आपल्या जागी अडकलं पाहिजे. घोडा बसला आणि सिलिंडर अजून केसभर मागे राहिलंय, बोटाने ढकलल्यावर अडकतंय, असं झालं तर सिलिंडर फिरवणारा आकडा झिजलाय. अशा वेळी गोळी नळीच्या तोंडाशी सरळ येत नाही, शिसं कडेला सोललं जातं आणि त्याचे कण बाजूला उडतात. हे सहाही घरांसाठी करा. पाच बरोबर आणि एक मागे, असं पुष्कळदा निघतं, आणि घाईघाईत दोनच घरं पाहणाऱ्याला नेमकं तेच सापडत नाही.

घोडा मागे असताना अंगठा त्यावर घट्ट ठेवून मागून जरा पुढे रेटा. नुसत्या रेट्याने तो सुटला तर हत्यार धोक्याचं. ते दुरुस्त होऊन आल्याखेरीज पुढे भावाचं बोलणंच नको.

मग चाप पूर्ण ओढून धरून ठेवा आणि सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून पाहा. नुसतं पडलेलं असताना ते थोडं खुळखुळलं तर घाबरायचं कारण नाही, या घाटात तसं चालतं. चाप ओढलेला असताना मात्र हालचाल जवळपास जाणवू नये. तसंच पुढे-मागे ढकला. मागे-पुढे सरकत असेल आणि सरकताना आवाज येत असेल, तर झीज आत गेलेली आहे. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट फिलर गेजने मोजा. गाडीवाल्या मेकॅनिककडे असतं तेच गेज. ०.१५ मिमीची पट्टी जेमतेम जाते, हे चांगलं. ०.२५ मिमीची सहज जात असेल तर भावातून चांगलीच रक्कम वळती करा.

मोडून उघडणाऱ्या घाटाचं खरं दुखणं मात्र बिजागरी आणि वरची कडी. हत्यार बंद करा, मूठ एका हातात पक्की धरा, नळी दुसऱ्या हाताने वर-खाली आणि आडवी हलवा. काहीही हललं नाही पाहिजे. पुन्हा पुन्हा फटकन उघडून दाखवायची हौस असलेल्या मालकाचं हत्यार इथेच ढिलं झालेलं असतं. उघडताना मधला तारा सहाही टोपणं एकदम वर उचलतो आणि शेवटी टणकन परत बसतो. तो मध्येच अडकला तर भाव पाडा.

नळीत तोंडाकडून उजेड पाडून बुडाकडून पाहा. खाचा तीक्ष्ण दिसाव्यात. खड्डे पडलेले असतील तर ते भरून येत नाहीत. आत एखादी सावलीची कडी गोल दिसली, तर अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडल्याची शक्यता आहे. तिथे नळी फुगलेली असते. घेऊ नका.

‘एकदाही फायर केलेलं नाही’ हे वाक्य ऐकायला मिळतंच. सिलिंडरचं पुढचं तोंड पाहा. घरांभोवती जळाल्याची वर्तुळं पुसटशी असणारच, कारखान्यात चाचणीचे बार होतात. गडद आणि घट्ट बसलेली असतील, आणि पिन जिथून बाहेर येते त्या भोकाभोवती पितळी चकाकी असेल, तर वाक्य खोटं. तसं बघितलं तर झाडल्यापेक्षा ठेवून ठेवूनच आपल्याकडची हत्यारं जास्त खराब होतात. कोकणात कातडी म्यानात वर्षभर राहिलेलं रिव्हॉल्व्हर काढून पाहा. ब्ल्यूइंगवर तांबूस ठिपके, काडतुसांवर हिरवट बुरा. निवडणुकीच्या काळात जमा करून तेल न लावता परत आलेल्यांचीही तीच गत. ठिपके वरवरचे असतील तर थोडे कमी करा. पण काळा रंग नव्यासारखा लखलखीत आणि कोरीव अक्षरांच्या कडा मात्र बोथट, स्क्रूच्या खाचा फाटलेल्या, असं दिसलं तर बफिंग मारून पुन्हा ब्ल्यू केलंय. बफिंगखाली काय दडलंय ते तुम्हाला दिसणार नाही. म्हणून मला जुनाट, पण मूळ रंगाचं रिव्हॉल्व्हर नेहमीच बरं वाटतं.

आता हिशेब. माझा ठोकताळा असा: कागद स्वच्छ, सिलिंडर वेळेवर अडकतं, बिजागरी घट्ट, नळी साफ, असं कानपुरी हत्यार शंभरातल्या सत्तरच्या आसपास घ्यायला हरकत नाही. बिजागरी किंवा आकड्याचं काम निघत असेल तर परवानाधारक कारागिराकडून आधी खर्च काढून आणा आणि तो दुपटीने वजा करा, कारण एक काम उघडलं की दुसरं सापडतं. परदेशी हत्याराला हा शंभराचा मापदंड लागत नाही. तिथे आधी पोलादाचा भाव याच पद्धतीने काढा, मग त्यावरची मागितलेली रक्कम वेगळ्या कागदावर लिहा. तो नावाचा भाव. एवढी रक्कम कशासाठी देतोय, हे स्वतःला विचारा. स्वसंरक्षणासाठी घेत असाल तर ती वाया जाते. त्या हत्याराचे सुटे भाग मिळत नाहीत, प्रत्येक स्प्रिंग हाताने बनवून घ्यावी लागते. हौस असेल तर द्या, पण मग सिलिंडर आणि फ्रेमवरचे नंबर एकच आहेत, हे आवर्जून पाहा. वेगळे निघाले तर नावाचा भाव निम्म्याखाली.

घासाघीस करताना विकणारा का विकतोय हे माहीत असलेलं बरं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडची हत्यारं तीनवरून दोनवर आली, तेव्हा तिसरं हत्यार घाईने विकायला निघालेल्यांनी भाव सोडले होते. आज वारसांची स्थिती तशीच असते: परवाना नाही, हत्यार दुकानात जमा, सांभाळण्याचे पैसे चालू. अशा हत्याराला दुकानदाराने सांगितलेला भाव हा वारसांचा भाव नसतो. शक्य असेल तर दोघांशी वेगवेगळं बोला.

सौदा थेट मालकाशी ठरला तरी हत्यार लगेच हातात येत नाही. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचा तपशील त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं, असं कलम पाच सांगतं. म्हणून इसार थोडाच द्या. पावतीवर हत्याराचा नंबर, फटीचं मोजलेलं माप आणि ‘ताबा घेताना हीच स्थिती असावी, नसल्यास इसार परत’ ही ओळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. ताबा घ्यायच्या दिवशी गेज खिशात ठेवा आणि सहाही घरं पुन्हा फिरवून पाहा.