ड्युअल-स्पोर्ट बाइक सज्ज करा दहा हजारांच्या आत

डांबरी आणि कच्चा असे दोन्ही रस्ते झेपणारी बाइक तुम्ही घेतली आहे. एक्स्पल्स असेल, हिमालयन असेल. आठवडाभर अंधेरी ते पवई, नाहीतर मुलुंड ते घाटकोपर, आणि महिन्यातून एकदा माळशेज किंवा राजमाची. आता ॲक्सेसरीजच्या दुकानात पाऊल टाकलेत की अर्ध्या तासात पंचवीस हजारांचा आकडा समोर येतो. तेवढा खर्च करायची गरज नाही. एक नियम लक्षात ठेवा : जे बोल्टने बसते आणि बोल्टनेच निघते, तेवढेच करा. चासीला वेल्डिंग नको, मूळ वायर कापणे नको, आरसी बुकातल्या नोंदीला धक्का नको.

इथले दर उपनगरांतले अंदाजे आहेत. घासाघीस धरून थोडे खाली-वर होतील.

आधी गाडीत काय आहे ते बघा

एक्स्पल्स २०० फोर-व्हीला इंजिनाखालची प्लेट, हातापुढचे नकल गार्ड, मागची कॅरिअर प्लेट आणि यूएसबी चार्जर कंपनीचेच येतात. त्यावर पुन्हा पैसे घालू नका. दुकानदार ‘कंपनीची प्लेट पातळ असते’ म्हणेल. तुमचा कच्चा रस्ता महिन्यातून एकदाचा असेल, तर ती पुरते. गाडीची पुस्तिका उघडा, सोबत आलेल्या वस्तूंवर खूण करा आणि मगच बाजारात जा.

काय घ्यायचे, किती लागेल

इंजिनाखालची प्लेट : ३ ते ४ मिलिमीटर ॲल्युमिनियमची, फॅब्रिकेटरकडून बनवून १,८०० ते २,८००. हँड गार्ड : आत धातूची पट्टी असलेले १,५०० ते २,५००. नुसते प्लास्टिकचे स्वस्त मिळतात, पण ते वारा अडवतात, पडल्यावर क्लच लिव्हर वाचवत नाहीत. मोबाइल होल्डर : ५०० ते ९००. वॉटरप्रूफ चार्जर, फ्यूज आणि वायरसह : ५०० ते ८००. दोन टायर लिव्हर, पॅच, छोटा पंप आणि पुढच्या चाकाची २१ इंची जादा ट्यूब : १,००० ते १,६००.

ट्यूब टाळू नका. एक्स्पल्स आणि जुन्या हिमालयनला तारांची, ट्यूबची चाके आहेत आणि पुढचे चाक २१ इंची आहे. ही ट्यूब प्रत्येक पंक्चरवाल्याकडे नसते, घाटात तर नसतेच. अडचणीच्या वेळी हीच ट्यूब मागच्या चाकात घालून जवळच्या गावापर्यंत येता येते.

घरी काय बनेल

हत्यारांची नळी : प्लंबिंगच्या दुकानातून ११० मिलिमीटरचा, फूटभर लांबीचा पीव्हीसी पाइप घ्या. एका तोंडाला कायमची कॅप चिकटवा, दुसऱ्याला आटे असलेले झाकण बसवा. सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला कॅरिअरखाली दोन स्टील क्लॅम्पने आवळा. पाने, लिव्हर, ट्यूब सगळे आत मावते. खर्च ३०० ते ४००.

चिखलाचा फ्लॅप : पुढचे मडगार्ड उंच असलेल्या गाडीत चिखल थेट इंजिनावर आणि बुटांवर उडतो. रबर शीटचा किंवा ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा कापून केबल टायने बांधा. खर्च १०० ते १५०. बांधल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा आणि पुढचे शॉकॲब्सॉर्बर दाबून बघा. फ्लॅप टायरला लागता कामा नये.

मागची बॅग : जाड ताडपत्रीची गुंडाळी-बॅग, तोंड तीनदा दुमडून बकल लावायची. शिवून घ्यायला ५०० ते ७००. पावसात ती महागड्या बॅगेइतकीच कोरडी राहते, फक्त शिवण आतून टेपने बंद करा.

सगळ्याची बेरीज सहा ते दहा हजार. एक्स्पल्स फोर-व्ही असेल तर प्लेट, हँड गार्ड आणि चार्जर वजा करून साधारण अडीच ते पावणेचार हजार.

कुठे जायचे

प्लेट, ब्रॅकेट, बॅगेसाठी आधाराची चौकट : साकीनाक्याच्या आसपासचे फॅब्रिकेशनचे गाळे. पूर्व उपनगरांत असाल तर एलबीएस मार्गालगतचे. जुने मूळ सुटे भाग : कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे बिलाशिवाय काही उचलू नका. चोरीच्या गाडीचा भाग निघाला तर पोलिसांना उत्तर तुम्हालाच द्यावे लागते. वायर, स्विच, रिले : लोहार चाळ. सीटचा फोम बदलायचा असेल तर तुमच्या भागातला सीट-कव्हरवाला पुरतो : ८०० ते १,८००, वेळ एक दिवस.

सोबत न्या : आरसी, विम्याची प्रत, आणि प्लेट बनवायची असेल तर गाडी स्वतः. फोटोवरून बनवलेली प्लेट नीट बसत नाही. ऑइल काढायच्या नटाखाली भोक ठेवायला सांगा, नाहीतर दर सर्व्हिसला प्लेट उतरवण्याचे पैसे द्याल. प्लेटला दोन दिवस धरा, हँड गार्डला अर्धा तास, चार्जरला एक तास. ही कामे मे महिन्यातच उरका. जूनमध्ये गॅरेजवाल्याला वेळ नसतो.

छुपे खर्च

भाव विचारताना चार प्रश्न एकदम विचारा. फिटिंग धरून का? ब्रॅकेट आणि बोल्ट धरून का? वायरिंग किट वेगळे का? जीएसटी धरून का? ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असे ऐकू आले तर बिलच घ्या. वस्तू बिघडली तर हातात तेवढाच कागद असतो.

चार्जर किंवा दिवा हेडलाइटच्या वायरला जोडू देऊ नका. बॅटरीपासून वेगळी वायर, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज, आणि रिले चावीच्या लाइनवर. हिशोब सोपा आहे : २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टवर साधारण सव्वातीन ॲम्पिअर, म्हणून ५ ॲम्पिअरचा फ्यूज. जोड टेपने गुंडाळलेला नको, थिंबल दाबून वर श्रिंक स्लीव्ह हवी. मुंबईच्या पावसात टेप पहिल्याच महिन्यात सुटते. मूळ वायर कापली की विद्युत भागांची वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतेच कारण मिळते.

विम्याचेही बघा. बाहेरून बसवलेल्या वस्तू पॉलिसीत नोंदवल्या नसतील तर अपघातात त्यांची भरपाई मिळत नाही. नूतनीकरणाच्या वेळी बिले दाखवा आणि नोंद करून घ्या.

हे करू नका

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र. पोलिसांनी काढून घेतलेला सायलेन्सर परत मिळेल हे धरू नका. मुंबईत असे सायलेन्सर रोलरखाली चिरडले गेले आहेत.

परवानगी नसलेला बदल : २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) प्रमाणे प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंड गाडीमागे नाही, बदलामागे आहे. इंजिन, चासी किंवा गाडीचा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी. अंधेरीकरांचे कार्यालय एमएच-०२, बोरिवलीकरांचे एमएच-४७, घाटकोपर-मुलुंडकरांचे वडाळ्याचे एमएच-०३. एजंट ‘नंतर नोंद करू’ म्हणाला तर काम थांबवा.

समोर स्पॉटलाइट : केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे. धुक्याचे दिवे लावायचेच असतील तर खाली झुकवलेले, पांढरे किंवा पिवळे, आणि शहरात बंद.

मागचे मडगार्ड कापून छोटी नंबर प्लेट : उच्च सुरक्षा प्लेटचे लॉक एकदा तोडले की पुन्हा वापरता येत नाही. जुन्या दुचाकीला ही प्लेट जीएसटीसह ५३१ रुपयांना बसते. लॉक तोडलेत तर नवा खर्च आणि नवी खेप. साडी गार्ड आणि मागच्याला धरायची पकडही काढू नका. मागे बसणाऱ्याच्या सुरक्षेसाठी नियमाने ती लागतातच.

मोठी पेटी : लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटर ही मर्यादा आहे. पेटी मागच्या सीटवर बसवली तर दुसऱ्या माणसाला बसवता येत नाही.

सस्पेन्शन उंच करणे : एक्स्पल्सच्या प्रो आवृत्तीत सीटची उंची ८९१ मिलिमीटर होते. जेव्हीएलआरच्या गर्दीत दर सिग्नलला पाय नीट टेकत नसेल, तर ती उंची तुमच्या कामाची नाही.

निघण्याआधी

काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून घरी ठेवा. गाडी विकताना त्याचेच पैसे मिळतात. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे नवे बोल्ट पुन्हा आवळा. पीयूसी तपासा, दुचाकीला ५० रुपयांत होते. राजमाचीला निघाला असाल तर पनवेल-खोपोलीचा जुना महामार्ग धरा, कारण द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे.

आणि हातात अजून पैसे उरले असतील, तर ते आयएसआय शिक्क्याच्या चांगल्या हेल्मेटवर आणि पायाचा घोटा झाकणाऱ्या बुटांवर खर्च करा. गाडीचा भाग बाजारात पुन्हा मिळतो, तुमचा मिळत नाही.