केळे अश्मयुगात चालते का?

गेल्या सेमिस्टरला जिममधल्या एका सीनिअरने मला मंत्र दिला, "भो, बॉडी करायची तर पॅलिओ कर!"

पॅलिओ म्हणजे अश्मयुगातल्या माणसाचा आहार. शेती सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण १०-१२ हजार वर्षांपूर्वीपर्यंत, माणूस शिकार, मासे, फळे आणि कंदमुळे यांवर जगला. आपले शरीर त्याच खाण्याला सरावलेले आहे, असा यामागचा विचार. १९८५ साली ईटन आणि कॉनर यांनी तो एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला. पुढे लॉरेन कॉर्डेन यांच्या 'द पॅलिओ डाएट' या २००२ च्या पुस्तकाने तो लोकप्रिय केला. यात धान्य, डाळी, दूध-दही, साखर बंद. शेंगदाणेसुद्धा बंद, कारण तेही कडधान्याच्याच कुळातले!

मी पडलो माळकरी घरातला. मांस, मासे, अंडी आधीच वर्ज्य. मग उरले काय? काकडी, टोमॅटो, परवडतील तेवढे (म्हणजे चार) बदाम आणि केळी. सीनिअर म्हणाला, "फळ आहे, चालतं." रूमपार्टनर म्हणाला, "एवढं गोड कसं चालेल?" शेवटी रावेरला घरी फोन लावला. "अण्णा, अश्मयुगात केळी होती का?"

"ते मला काय ठाऊक? पण येड्या, केळीला बी असतं का? कोणी मुनवे लावल्याशिवाय बाग होते का?"

अण्णांनी नेमके वर्मावर बोट ठेवले. आजच्या केळीच्या रानटी पूर्वजांची फळे कडक बियांनी भरलेली असतात. माणसाने बी नसलेली झाडे निवडून त्यांचे मुनवे लावत लावत आजची केळी घडवली. आपल्या ग्रँड नैनमध्ये गुणसूत्रांचे तीन संच असतात, म्हणून तिला बी धरत नाही. न्यू गिनीतल्या कुक या दलदलीच्या जागी सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीचे पुरावे मिळाले आहेत. म्हणजे बाजारातले केळे गव्हासारखेच शेतीचे अपत्य. उलट इस्रायलमधल्या ओहालो येथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीची माणसे रानटी धान्य दगडावर दळत होती! थोडक्यात, केळे पॅलिओच्या यादीत बसते, पण पॅलिओच्या गोष्टीत बसत नाही.

हे कळूनही मी आठ-आठ केळी खातच राहिलो. तिसऱ्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना डोळ्यांपुढे अंधारी आली. सरांनी स्टुलावर बसवले.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चार केळी, सर."

"आणि काल रात्री?"

"केळी... आणि काकडी."

"इंजिनिअर होणार ना? मग जरा गणित कर."

केले. सोललेल्या १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ९० कॅलरी, २३ ग्रॅम कर्बोदके, ३६० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि प्रथिने जेमतेम १ ग्रॅम. माझे वजन ६० किलो, किलोमागे ०.८३ ग्रॅम धरले तर रोज ५० ग्रॅम प्रथिने हवीत. आठ केळ्यांतून मिळाली आठ-नऊ ग्रॅम, कॅलरी सातशेच्या आसपास. नुसत्या केळ्यांवर भागवायचे तर रोज ४५ लागतील!

दोष केळ्याचा नव्हता. खेळण्याआधी किंवा लेक्चरला पळताना एक-दोन केळी उत्तमच. (मधुमेह किंवा किडनीचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.) पॅलिओतले साखर, बिस्किटे, कोल्ड्रिंक सोडा हे सांगणेही शहाणपणाचे. पण मांस-मासे न खाणाऱ्याने डाळ आणि दूधही सोडले, तर प्रथिने आणायची कुठून?

तेव्हा मित्रांनो, कुठलाही डाएट करण्याआधी दोन प्रश्न विचारा : यातून काय जाते आणि त्याची भरपाई कशाने होते? मी त्याच संध्याकाळी मेसमध्ये परतलो. वरण नेहमीसारखेच पातळ होते. दोन वाट्या घेतले, आणि वर एक केळे!