उपासाने जिताडा गोळीला लागत नाही

जिताडा हा खाडीतला शिकारी मासा असून, शास्त्रात लॅटेस कॅल्कॅरिफर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माशाचे डिंभक, म्हणजे अंड्यातून बाहेर पडलेले पण माशाचे पूर्ण रूप न आलेले पिल्लू, हलते तेवढ्यालाच अन्न समजते; तळाशी जाऊन पडलेला कण त्याच्या लेखी अन्न नसतोच. त्यामुळे जिवंत भक्ष्यावर वाढलेल्या पिल्लाला तयार खाद्याच्या गोळीवर आणणे, ज्याला खाद्यांतर म्हणता येईल, हा जिताड्याच्या संवर्धनातील सर्वांत नाजूक टप्पा ठरतो. कळंबच्या खाजणातील तळ्यात प्रस्तुत लेखकाने केलेला पहिला प्रयत्न याच टप्प्यावर फसला.

आणलेले बीज जेमतेम बोटाच्या पेराएवढे होते आणि ते गोळी खाते, असे विक्रेत्याकडून सांगण्यात आले होते. ते पडताळून न पाहता पिल्ले हाप्यात, म्हणजे तळ्यात चार खुंटांना बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत सोडली गेली आणि पहिल्याच दिवसापासून केवळ गोळी देण्यात आली. भूक लागली की खातील, अशी त्यामागची समजूत होती. गोळ्या तळाशी जाऊन कुजू लागल्या, पाण्याला वास आला, आणि त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की मेलेले पिल्लू एकही तरंगताना दिसत नसताना हापा मात्र दिवसागणिक रिकामा होत चालला. जी पिल्ले नाहीशी झाली होती ती त्यांच्याच मोठ्या भावंडांच्या पोटात होती. जिताड्याचे पिल्लू आपल्या लांबीच्या सुमारे दोन तृतीयांश लांबीचे दुसरे पिल्लू गिळू शकते, हे पुस्तकात वाचलेले असूनही त्याचा अर्थ हाप्याच्या काठावर उभे राहिल्यावरच कळला. उपासाने पिल्लू गोळी खायला शिकत नाही, ते शेजाऱ्याला खायला शिकते.

गोळीला न लागण्याचे मूळ पिल्लाच्या शरीररचनेत आहे. अंड्यातून निघताना डिंभक सुमारे दीड मिलिमीटर लांबीचे असते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड उघडल्यावर त्याला रोटिफर हे सूक्ष्म जीव आणि पुढे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कवचधारी जीवाची नुकती उबवलेली पिल्ले द्यावी लागतात, कारण त्या वयात त्याचे जठर तयार झालेले नसते आणि कोरड्या खाद्यातील प्रथिने पचवणारा पाचकरस पुरेसा स्रवत नाही. जठराचे काम साधारण तिसऱ्या आठवड्यात नीट सुरू होत असल्याने त्याआधी केलेली घाई पोट भरूनही उपाशी ठेवते. आर्टेमिया महाग पडतो म्हणून तो देण्याचे दिवस कमी करण्याचा मोह होतो. लेखकाच्या मते संपूर्ण हंगामात याहून महाग काटकसर नाही.

दुसऱ्या प्रयत्नात जुने खाद्य एकदम बंद न करता आठ-दहा दिवस दोन्ही खाद्यांची जोड ठेवली गेली. पिल्ले सर्वांत भुकेली असतात त्या पहाटेच्या वेळी आधी गोळी आणि नंतर जिवंत खाद्य, असा क्रम ठेवून जिवंत खाद्याचा वाटा रोज थोडा कमी करण्यात आला. गोळी ताज्या जवळ्याच्या रसात भिजवून मऊ केली गेली, आणि ती हळूहळू बुडणारी व तोंडात सहज मावणारी निवडली गेली, कारण पिल्लू अन्न टिपते ते पाण्यात उतरत असतानाच. खाद्य एकाच कोपऱ्यात, एकाच माणसाने, चिमटीचिमटीने दिवसातून पाच-सहा वेळा टाकले आणि पिल्ले वळेनाशी झाली की थांबवले, तर नासाडी फारच थोडी होते. उरलेले मात्र त्याच दिवशी नळीने शोषून काढावे लागते, अन्यथा अमोनिया वाढून पिल्ले खाणेच सोडतात.

प्रतवारी, म्हणजे आकारानुसार पिल्ले वेगळी करणे, हे काम कंटाळवाणे असले तरी त्यात सवलत घेता येत नाही. या वयात ती चार-पाच दिवसांनी करावी. काही पिल्ले गोळीला लवकर लागून झपाट्याने वाढतात, आणि तीच पुढे मागे राहिलेल्यांना गिळतात. भरल्या पोटी पिल्लांना हात लावू नये आणि चाळताना पाण्यात हवा सोडत राहावी.

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने 1997 साली भारतात जिताड्याचे नियंत्रित प्रजनन यशस्वी केले, त्यामुळे बीजासाठी केवळ खाडीच्या पाण्यावर अवलंबून राहण्याची सक्ती उरली नाही. तथापि बीज कुठूनही येवो, खरेदी करणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी आपल्या हाताने टाकीत गोळी टाकून पाहावी, आणि पिल्ले तिच्याकडे झेपावली नाहीत तर रिकाम्या पिशव्या घेऊन परत यावे.