जुन्या गाडीचे पाणी जाते कोठे?



मे महिन्यात नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात कोराडीच्या रस्त्याला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी गाडी दिसली, की समजावे, गाडी तापली! अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, पद्मिनीचे त्याच्याही आधी. तरी जपून ठेवलेल्या या गाड्या आणि जुन्या जीपा अजून चालतात. ‘रोज तांब्याभर पाणी घालावं लागतं, बाकी काही तक्रार नाही,’ असे मालक सांगतात. पण हीच तर मोठी तक्रार आहे.

कोराडीच्या वीज केंद्राचे शीतकरण मनोरे आपण पाहतो. तेथे गरम पाणी हवेत थंड करतात. त्यातले काही पाणी वाफ होऊन उडते, म्हणून नवे पाणी सतत घालावेच लागते. साखर कारखान्याच्या स्प्रे पाँडचेही तेच. मोटारीचे मात्र तसे नाही. रेडिएटर, होज पाईप, पंप आणि इंजिन यांतून तेच पाणी बंद वाटेने फिरते. ते रोज कमी होत असेल, तर कोठे तरी गळती आहे, हे नक्की.

बाहेरची गळती

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरावा. सकाळी इंजिन थंड असताना डाग कोठे पडला ते पाहावे. बोटाला तेलकट लागले तर ते ऑईल, नाही तर पाणी. मग या क्रमाने तपासावे :

१. होज पाईप दाबून पाहावा. फुगलेला, फार मऊ किंवा भेगाळलेला असेल तर बदलावा. क्लिपा आवळाव्यात.

२. रेडिएटरवर पांढरी किंवा हिरवट पपडी दिसली तर तेथूनच पाणी झिरपते. रेडिएटर काढून डाग मारून घ्यावा.

३. पाण्याच्या पंपाखाली बारीक भोक असते. त्यातून थेंब येत असतील तर पंपाचे सील गेले. भोक बुजवू नये, पंप दुरुस्त करावा.

४. ब्लॉकच्या अंगावर पत्र्याची गोल झाकणे असतात. ती गंजून झिरपतात.

५. रेडिएटरच्या झाकणाचे रबर पाहावे. हे झाकण आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी १०० अंशांलाही उकळत नाही. रबर फाटले की पाणी लवकर उकळते आणि बाहेर पडते. स्वस्तातली वस्तू, पण सर्वात दुर्लक्षित!

आतली गळती

पुठ्ठा कोरडा आणि पाणी तरी कमी, असे असेल तर मामला गंभीर आहे. ऑईल दुधाळ चहासारखे झाले, गरम इंजिनही सायलेन्सरमधून पांढरा धूर सोडत राहिले, किंवा थंड इंजिन झाकण काढून चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, तर बहुधा हेड गॅस्केट उडाले आहे. अशी गाडी मुळीच चालवू नये. ऑईलमध्ये पाणी मिसळले, की बेअरिंगे जातात.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचे. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून फार तापले की हेड वाकते. नुसते गॅस्केट बदलून भागत नाही. हेडवर सरळ पट्टी ठेवून सपाटी तपासावी, गरज असल्यास फेसिंग करून घ्यावे. बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत.

वाटेत गाडी तापली तर

इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावे. गरम झाकण उघडू नये; उकळते पाणी उसळून तोंड-हात भाजतात. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. हेडला तडा जातो. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा ड्रायव्हर लोकांचा उपाय बारीक गळतीला गावापर्यंत साथ देतो. पण तो गाळ नळ्यांत बसतो, म्हणून नंतर रेडिएटर धुवून घ्यावा.

पाणी कोणते घालावे?

बॉयलरला जड पाणी का चालत नाही, हे सभासदांना सांगायला नको. बोअरच्या पाण्याचा खार रेडिएटरच्या नळ्यांतही तसाच बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घालावे. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही. पण कूलंटने गंज थांबतो आणि पाणी उशिरा उकळते.

एक मात्र लक्षात ठेवावे. कूलंट चवीला गोड, पण विषारी असते. काढलेले कूलंट नालीत किंवा गोठ्याजवळ ओतू नये. जनावर ते पिऊन दगावू शकते. लहान मुलांच्याही हाती लागू देऊ नये.

तेव्हा उन्हाळा लागण्यापूर्वी एक सकाळ काढा, गाडीखाली पुठ्ठा टाका आणि पाणी कोठे जाते ते शोधा. क्लिप आवळण्याचे काम घरच्या घरी होते. तेच अंगावर काढले, तर पुढे हेड उतरवावे लागते.