रफ वही, मासळीबाजार आणि खरं बोलणं



आज आपण एका छोट्या भाषिक विषयाकडे पाहणार आहोत. खडबडीतपणा दाखवणारे शब्द काळाच्या ओघात कसे बदलतात, हा तो विषय. ऐकायला तो कोरडा वाटेल. पण वरळी कोळीवाड्यासारख्या वस्तीतल्या मुलांना शिकवताना या शब्दांशी रोज गाठ पडते आणि मूल वर्गात तोंड उघडतं की गप्प बसतं, हे कधीकधी त्यांच्यावरच ठरतं. इयत्ता 4थी-5वीसाठी मी यावर दोन तासिकांचा पाठ तयार केला आहे. त्याची ही मांडणी.

1. सुरुवात रफ वहीपासून

प्रत्येक मुलाच्या दप्तरात रफ वही असते. 'रफ म्हणजे काय?' असं विचारलं की मुलं सांगतात, 'जिच्यात कसंही लिहिलं तरी चालतं ती.' उत्तर अगदी बरोबर आहे. पण इंग्रजीत या शब्दाचा जन्म वहीत झालेला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता केसाळ, झुबकेदार, हाताला खरखरीत लागणारं. जनावराचं कातडं किंवा न कातरलेलं जाडं कापड रफ असायचं. मग ओबडधोबड जमीन रफ झाली. खवळलेला समुद्र रफ झाला. धसमुसळा माणूस रफ झाला. पुढे अजून घासून-पुसून नीट न केलेलं काम, म्हणजे कच्चा आराखडा, तोही रफ झाला. तिथून हा शब्द आपल्या शाळांत आला आणि वहीला चिकटला. आपल्या रफ वहीचा कागद चांगला गुळगुळीत असतो, तरी ती रफच! हाताला लागणारा अर्थ पूर्ण गळून गेला.

इथेच स्पेलिंगचं कोडंही सुटतं. मुलं विचारतात, 'शेवटी जी आणि एच आहेत, मग फ कुठून आला?' जुन्या काळी या शब्दाच्या शेवटी घशातून काढलेला, आपल्या 'ख'च्या जवळचा उच्चार होता. ती दोन अक्षरं त्या उच्चाराची खूण आहेत. पुढे उच्चार बदलून 'फ' झाला, स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. लाफ, कफ (खोकला), इनफ या शब्दांचीही हीच गोष्ट. पाठांतर करून विसरण्यापेक्षा ही गोष्ट मुलांच्या जास्त लक्षात राहते.

एक प्रश्न आवर्जून विचारा: 'रफ सी' मराठीत कसं सांगाल? 'खडबडीत समुद्र' असं कुणी म्हणालं, तर कोळीवाड्यातली मुलं लगेच हसतात. दर्या खवळतो, दर्याला उधाण येतं. तो खडबडीत होत नाही. भाषांतर करताना शब्दाला शब्द ठेवून चालत नाही, हे इथे आपोआप समजतं.

2. दोन 'कोर्स', मूळ एकच

इंग्रजीत कोर्स असे दोन शब्द आहेत. उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये तिसऱ्या अक्षराचा फरक. एकात 'यू' आहे. तो आपल्या ओळखीचा, अभ्यासक्रमाचा कोर्स. दुसऱ्यात 'ए' आहे. त्याचा अर्थ जाडंभरडं, खरखरीत. श्रुतलेखनात मुलं हे दोन्ही हमखास उलटसुलट लिहितात.

गंमत अशी, की पूर्वी या दोघांचं स्पेलिंगही एकसारखंच होतं. 'नेहमीच्या क्रमातलं, साधं, रोजचं' असा त्याचा भाव होता. रोज वापरायचं साधं कापड ते 'कोर्स' कापड. साधं कापड जाडंभरडं असायचं, म्हणून शब्दाचा अर्थ 'जाडंभरडं' झाला. 16व्या शतकाच्या अखेरीपासून त्याला 'ए'चं वेगळं स्पेलिंग मिळू लागलं. पण त्याआधीच, म्हणजे 1500च्या सुमारास, कापडाचा शब्द माणसावर आला होता आणि 'असभ्य' असा अर्थ त्याला चिकटला होता.

या प्रवासाचे टप्पे फळ्यावर लिहा: साधं – जाडंभरडं – असभ्य. आता मुलांना विचारा, यात कापडाची काय चूक? काहीच नाही. ते कापड वापरणाऱ्या माणसांकडे खालच्या नजरेनं पाहिलं गेलं आणि ती नजर शब्दात उतरली. 'व्हल्गर' या शब्दाचंही असंच आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ फक्त 'सामान्य लोक' असा आहे. 'व्हिलन' हा मूळचा शेतावर राबणारा माणूस, तो गोष्टीतला दुष्ट होऊन बसला.

आपल्याकडेही तेच. 'ग्राम्य' म्हणजे गावचं, एवढाच अर्थ. पण संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्यत्व' हा काव्याचा दोष ठरला. 'गावंढळ', 'गावठी' याच रांगेतले. त्यातला 'गावठी' मात्र बाजारात जाऊन सुधारला! गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी तूप यांना आज जास्त भाव मिळतो.

3. बिलिंग्जगेट आणि मासळीबाजार

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

लंडनमध्ये बिलिंग्जगेट नावाचा जुना मासळीबाजार आहे. 1982 पर्यंत तो थेम्स नदीच्या काठी जुन्या जागी भरत असे. 17व्या शतकात या बाजाराचं नाव इंग्रजीत साधा शब्द म्हणून वापरात आलं. त्याचा अर्थ होता शिवराळ, असभ्य बोलणं. त्याच शतकात 'फिशवाईफ' या शब्दाचंही असंच झालं. यातलं 'वाईफ' म्हणजे बायको नव्हे. जुन्या इंग्रजीत 'वाईफ' म्हणजे नुसती स्त्री. 'मिडवाईफ' म्हणजे सुईण, त्यातही हाच अर्थ आहे. तर फिशवाईफ म्हणजे मासे विकणारी बाई. पण पुढे अर्थ झाला, तोंडाळ, भांडकुदळ बाई.

हे वाचून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. 'वर्ग आहे की मासळीबाजार?' हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती शाळांमधून ऐकू येत असेल! 'कोळणीसारखी काय भांडतेस?' हेही तसंच. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, वाक्य सवयीनं येतं. पण ज्या वर्गात दहा मुलांच्या आया पहाटे मासळी आणायला जातात आणि दिवसभर पाटी घेऊन बसतात, त्या वर्गात या वाक्याचा अर्थ काय होतो? आईचा व्यवसाय हा गोंधळाचा नमुना ठरतो, आईचं बोलणं हा असभ्यपणाचा नमुना ठरतो. मूल काही बोलत नाही. ते फक्त हळूहळू कमी बोलू लागतं.

मासळीबाजारात आवाज मोठा का असतो, हा प्रश्न मुलांनाच विचारून पाहा. उत्तरं अशी येतात: मासळी नासते, म्हणून लवकर विकायची असते. दुपार झाली की भाव उतरतो. शेजारी दहा जणी तोच माल विकत असतात. गिऱ्हाईक घासाघीस करतं. एकाच वेळी तिघांशी बोलत, वाटा लावत, सुटे पैसे मोजत तोंडी हिशोब करायचा असतो. मी यात भर एवढीच घालते, की लिलावात शेअरबाजारातले दलालही एके काळी असेच ओरडून सौदे करत. त्यावरून कुणी मुलांना 'शेअरबाजार भरवू नका' असं दरडावत नाही. आवाज दोन्हीकडे सारखाच. नाव मात्र एकाच बाजाराचं खराब झालं.

4. कोळी बोली रांगडी का वाटते?

वरळीच्या टोकाला एका बाजूला जुना किल्ला, समोर 2009 साली सुरू झालेला सागरी सेतू आणि मध्ये दाटीवाटीचा कोळीवाडा. इथल्या घरांत अजून कोळी बोली ऐकू येते. 'मला'ऐवजी 'मना', 'होडी'ऐवजी 'होरी', 'पाणी'ऐवजी 'पानी', 'मासे'ऐवजी 'म्हावरं'. बाहेरच्याला हे कानाला खरखरीत लागतं आणि तो म्हणतो, 'भाषा अशुद्ध आहे.'

आता 'पानी'चंच पाहा. हिंदीच्या पाठ्यपुस्तकात 'पानी' शुद्ध आहे, त्याला पूर्ण गुण मिळतात. तोच उच्चार कोळी मुलानं मराठीच्या तासाला केला की अशुद्ध! म्हणजे 'न' या अक्षरात काही खोट नाही. 'दर्या' हा शब्द फारसीतून आलेला आहे. 'नाखवा' हाही फारसी 'नाखुदा'वरून आलेला, म्हणजे जहाजाचा मालक किंवा प्रमुख. ज्या शब्दांना आपण सहज 'गावठी' म्हणतो, त्यांच्यात अरबी समुद्रावरच्या कित्येक शतकांच्या व्यापाराचा इतिहास आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा 7वा खंड 1905 साली निघाला. त्यातही कोळी बोलीची स्वतंत्र नोंद आहे.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवायची नाही असा अजिबात नाही. परीक्षेत, अर्जात, मुलाखतीत 'पाणी' लागणारच, आणि ते आपण नीट शिकवलंच पाहिजे. पण 'तुझं चुकलं' असं म्हणण्याऐवजी 'घरी पानी, वहीत पाणी' असं सांगितलं, तर मूल दोन्ही शिकतं. पहिल्या पद्धतीत ते एक भाषा शिकताना दुसरीची लाज शिकतं.

5. आपला 'खर' मात्र कुठे पोहोचला!

इथवर सगळे शब्द वरून खाली घसरलेले पाहिले. आता एक उलटा प्रवास.

संस्कृतात 'खर' म्हणजे कठीण, खरखरीत, तिखट, तीक्ष्ण. (गाढवालाही 'खर' म्हणतात. हे सांगितलं की वर्गात हशा ठरलेला.) त्याला 'प्र' लागून 'प्रखर' झाला. प्रखर ऊन आपण सोसतो आणि प्रखर बुद्धीचं कौतुक करतो. आणि याच 'खर'पासून मराठीचा 'खरा' आला. राल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात मराठी 'खरा' याच मुळाखाली दिलेला आहे. कठीण आणि तीक्ष्ण, म्हणून कस उतरलेलं. कस उतरलेलं, म्हणून भेसळ नसलेलं. भेसळ नसलेलं, म्हणून सत्य. खरं सोनं, खरं नाणं, खरी गोष्ट.

म्हणजे आपल्या पूर्वजांनी खरखरीतपणासाठी असलेला शब्द चक्क सत्याला दिला! 'खरं बोललं की सख्ख्या आईलाही राग येतो' ही म्हण आठवा. खरं हे कानाला जरा टोचतंच. गुळगुळीत बोलण्यावर आपला पटकन विश्वास बसत नाही, तोही यामुळेच.

असाच बदल आपल्या डोळ्यांदेखत घडला. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना सरकारी इंग्रजीत वर्षानुवर्षं 'कोर्स सीरियल्स' म्हणत, तोच तो जाडाभरडा कोर्स. मराठीत भरडधान्य. एप्रिल 2018 मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून त्यांना 'न्यूट्री सीरियल्स', म्हणजे पौष्टिक धान्यं, असं नाव दिलं. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. धान्य तेच, दाणा तोच. पाहणाऱ्याची नजर बदलली आणि नाव बदललं.

6. वर्गात कसं घ्यावं?

*पहिली तासिका:* पिशवीत पाच वस्तू आणा: काथ्या, सॅंडपेपर, जाळ्याचा तुकडा, नाचणीचं भरड पीठ, शंख. डोळे मिटून हात लावायचा आणि स्पर्शासाठी शब्द सांगायचा. घरच्या बोलीतला शब्दही चालेल. सगळे शब्द फळ्यावर लिहा. मग विचारा, यातले कोणते शब्द आपण माणसांसाठी वापरतो? कौतुकानं की रागानं?

*दुसरी तासिका:* रफ, कोर्स, गावठी, रांगडा, प्रखर, खरा या सहा शब्दांचा तक्ता करा. तीन रकाने: आधीचा अर्थ, आताचा अर्थ, बदल वर की खाली. 'रांगडा'वर मुलं वाद घालतात. काहींना ती शिवी वाटते, काहींना शाबासकी. वाद घालू द्या, दोन्ही बरोबर आहेत.

*गृहपाठ:* आजीला किंवा आईला कामाशी निगडित पाच शब्द विचारून आणायचे. त्यासमोर प्रमाण मराठी शब्द लिहायचा. नसेल तर अर्थ लिहायचा. काही शब्दांना प्रमाण मराठीत जोडीच नाही, हे मुलांना स्वतःला सापडलं पाहिजे.

आमच्याकडे या गृहपाठानंतर एरवी 'हो-नाही'च्या पुढे न जाणारी एक मुलगी जाळ्यांचे प्रकार सांगायला उभी राहिली आणि दहा मिनिटं बोलली. प्रमाण भाषेत नाही, पण न अडखळता. लिहून काढताना आम्ही दोघींनी मिळून प्रमाण रूपं शोधली.

पालकांसाठी थोडंसं

'मॅडम, याची भाषा सुधारा' असं अनेक पालक कळकळीनं सांगतात. कोळीवाड्यातल्या आयाही सांगतात, तेव्हा जास्त वाईट वाटतं. आपल्या बोलीला त्यांनी स्वतःच खडबडीत मानलेलं असतं. त्यांना माझं सांगणं एवढंच: घरी आहे तसंच भरपूर बोला, गोष्टी सांगा, भाव करताना मुलाला सोबत बसवा. प्रमाण भाषा शाळेत शिकवता येते. बोलण्याची उमेद मात्र घरूनच यावी लागते.

आणि आपण शिक्षकांनी वर्ग शांत करायला दुसरं एखादं वाक्य शोधूया. 'मुलांनो, आवाज कमी' यात काम भागतं.