युक्ताहाराचा अभ्यास : उतरलेले वजन पुन्हा का चढते?

गीतेच्या सहाव्या अध्यायातील सोळावा आणि सतरावा हे दोन श्लोक बहुतेक वाचकांना पाठच असतील. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, एवढे आपण सहज ध्यानात ठेवतो. परंतु अजिबात न खाणाऱ्यालाही तो साधत नाही, हे त्याच श्लोकात शेजारीच सांगितलेले असता आपली दृष्टी त्यावरून निसटून जाते. प्रस्तुत पाठात या निसटलेल्या अर्ध्या भागाचा विचार एका व्यावहारिक प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. वाढलेले वजन कमी कसे करावे, आणि त्याहून अवघड म्हणजे, कमी झालेले वजन तसेच कसे राहावे, हा तो प्रश्न होय.

अभ्यासवर्गात हा विषय कशाला, असे कोणास वाटेल. आमच्या वर्गात एक निवृत्त गृहस्थ येत असत. एका चातुर्मासात त्यांनी एकभुक्त राहण्याचा नेम धरला आणि तो निष्ठेने पाळला. कार्तिकी एकादशीपर्यंत त्यांचे वजन ९ किलो उतरले. सर्वांनी त्यांचे कौतुक केले. पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत ते ९ किलो परत आले आणि सोबत आणखी २ घेऊन आले. मग ते वर्गाला दिसेनासे झाले. चौकशीला गेलो तेव्हा म्हणाले, "अहो, खाली बसलो तर गुडघ्यांमुळे उठता येत नाही, आणि चार महिन्यांचा नेम करून हेच फळ मिळाले, तर माझ्यात वैराग्य नाही हेच खरे." गुडघ्यांपेक्षा हे दुसरे दुःख मोठे होते, आणि ते सर्वस्वी अनाठायी होते.

अनाठायी कसे, ते पाहू. दुसऱ्या अध्यायाच्या एकोणसाठाव्या श्लोकात भगवंतांनी सांगून ठेवले आहे की आहार तोडणाऱ्यापासून विषय दूर होतात खरे, पण त्यांची गोडी मागे उरते. या गोडीचे बळ किती असते, याचे एक विलक्षण उदाहरण अमेरिकेत घडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धात शस्त्र धरणार नाही, अशी सदसद्विवेकाची भूमिका घेतलेले हे तरुण होते. त्यांच्या निश्चयाविषयी शंका घेण्यास जागाच नाही. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण त्याबरोबर त्यांचे सारे चित्त अन्नाने व्यापून गेले. कित्येकांनी पाककृतींची पुस्तके जमविली. स्वप्नांतही अन्नच येऊ लागले. निर्बंध उठल्यावर पुष्कळांना पोट भरूनही तृप्ती होईना, आणि शरीरातील चरबी पूर्वीपेक्षाही वाढली.

अलीकडील संशोधनाने याची शारीरिक बाजूही उलगडली आहे. वजन उतरले म्हणजे चरबीतून निघणारे व तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन हे द्रव्य कमी होते आणि भूक चाळविणारे घ्रेलिन वाढते. शरीर आपला खर्चही आखडता घेते. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की कडक आहार संपून वर्ष उलटले तरी हे फेरफार पूर्ववत झालेले नसतात. म्हणजे त्या गृहस्थांना पाडव्याच्या सुमारास लागणारी भूक ही त्यांच्या वैराग्याची उणीव नव्हती. गमावलेला साठा भरून काढण्याचा शरीराचा तो प्रयत्न होता. अशा शरीराशी एकदम झुंज घेणाऱ्याचा निश्चय केव्हातरी थकतो. शरीर थकत नाही.

मग उपाय काय? येथे आपल्या प्राचीन वैद्यांचे एक वचन आमच्या फार उपयोगी पडले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट कशी सोडावी याची रीत दिली आहे. ती एकदम सोडू नये, पावापावाने सोडावी. जेवढी सोडली तेवढीच हितकर गोष्ट तिच्या जागी आणावी. आणि दोन पायऱ्यांमधील दिवसांचे अंतर वाढवीत न्यावे. याला पादांशिक क्रम असे नाव आहे. वाग्भट तर आणखी उदार आहे. चौथा भाग जड वाटत असेल तर चौथ्याचा चौथा, म्हणजे सोळावा भाग सोडावा, असे तो सुचवितो. चरकाने या क्रमाचे जे फळ सांगितले आहे ते विशेष मननीय आहे : क्रमाने घटविलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत, आणि क्रमाने मिळविलेले गुण डळमळत नाहीत. आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर या 'पुन्हा न उद्भवण्यात' आहे. स्थूलाची चिकित्सा सांगतानाही चरक व्यायामादी उपाय क्रमाक्रमानेच वाढविण्यास सांगतो.

हा क्रम घरात कसा उतरतो? दिवसाला ४ कप चहा आणि प्रत्येकी २ चमचे साखर असेल, तर ८ चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जाते. चहा सोडण्याची प्रतिज्ञा करू नये. प्रथम प्रत्येक कपातील अर्धा चमचा कमी करावा. जीभ आठवडा-पंधरवड्यात त्या चवीला सरावते. मग पुढचा अर्धा. तेलाचेही तसेच. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ किलो तेल लागत असेल तर माणशी दररोज सुमारे ३३ ग्रॅम होते. ३ किलोच आणावे, म्हणजे ते २५ ग्रॅमवर येते. फोडणी घालणाऱ्या हाताला रोज उपदेश करण्यापेक्षा वाण्याच्या यादीतील आकडा बदलणे सोपे. पानातील एक पोळी कमी केली तर तिची जागा उसळ, पालेभाजी, कोशिंबीर यांनी भरावी. रिकामी ठेवू नये. रिकाम्या जागेत गोडी परत येते.

उपवासाविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण कोणी परक्याने केलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट, वर तूप. उत्तरेकडे राहणाऱ्या आपल्या वाचकांकडे कुट्टूच्या पुऱ्या आणि तळलेले बटाटे. व्रत म्हणून उपवास अवश्य करावा, पण वजनाच्या हिशेबात तो जमेस धरू नये.

अमेरिकेत १९९४ साली रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी एक नोंदवही सुरू केली. निदान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर राखलेल्यांचीच नावे तीत घेतली जात. पुढे ती संख्या १० हजारांवर गेली. या लोकांनी वजन उतरविले नाना मार्गांनी; पण ते राखण्याच्या त्यांच्या सवयी पुष्कळ मिळत्याजुळत्या निघाल्या. दहांपैकी नऊ जण दररोज सरासरी तासभर व्यायाम करीत, आणि तोही बहुतांशी चालण्याचा. चारांपैकी तीन जण आठवड्यातून एकदा तरी वजन करीत. ही यशस्वी झालेल्यांनी स्वतः दिलेली माहिती आहे, तेव्हा तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी एक गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते : दोन ते पाच वर्षे वजन राखलेल्याला ते पुढेही राखण्याचा संभव पुष्कळ वाढतो. अभ्यास जुना झाला की त्याचे ओझे हलके होते.

आठवड्याचे वजन साक्षीभावाने करावे. काटा न्यायाधीश नव्हे. १ किलो वाढलेले दिसले तर त्या आठवड्यातच एक पाऊल मागे घ्यावे. ११ किलो वाढेपर्यंत तोंड फिरवू नये. वजनाबरोबर कंबरही मोजावी. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयानेही म्हणून निश्चिंत राहू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र आहारातील प्रत्येक बदल वैद्यांना विचारूनच करावा.

त्या गृहस्थांनी दुसऱ्या वेळी नेम केला नाही. चहातील साखर, मग तेल, मग रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे चालणे, अशा क्रमाने गेले. चौदा महिन्यांत ७ किलो उतरले. त्याला आता तीन वर्षे झाली. वर्गात ते भिंतीशी, एका बुटक्या चौरंगावर बसतात.

पुढील पाठापर्यंतचा अभ्यास असा : सात दिवस काहीही न बदलता, जे खाल्ले ते केवळ वहीत लिहावे. आठव्या दिवशी त्यातील एकच गोष्ट निवडावी, तिचा चौथा भाग काढावा, आणि त्या जागी काय ठेवले ते शेजारी लिहावे. पंधरा दिवस दुसऱ्या कशालाही हात लावू नये.