दर्यातला साप : न दुखणारा दंश

'डॉक्टर, पाण्यातल्या सापाला विष नसते ना?' असे मला पुष्कळदा विचारले जाते. विहिरीतल्या दिवडापुरते ते खरे. समुद्रातल्या सापाबाबत मात्र हा समज जिवावर बेततो.

मालवणकडे मच्छीमारांच्या जाळ्यात चोचीसारख्या तोंडाचा समुद्री साप बराच येतो. किनाऱ्याजवळचे गढूळ पाणी आणि खाडीची मुखे ही त्याची आवडती जागा. शिंगाळा हे त्याचे मुख्य खाद्य. तो पिल्ले पाण्यातच घालतो, अंडी नाही. त्याला कल्ले नसतात, म्हणून श्वासासाठी वर यावेच लागते. वल्ह्यासारखी चपटी शेपटी ही त्याची खूण. वामेलाही शेपूट चपटे असते, पण तिला कल्ल्यांची छिद्रे आणि पाठीवर पर असतो.

विष नागाहून कित्येक पट जहाल. पण स्वभावाने हा साप कोणाच्या अंगावर धावून येत नाही. दंश होतो तो बहुधा जाळे ओढताना, मासळी निवडताना किंवा गढूळ पाण्यात पाय पडल्याने. बहुतेक वेळा विष अंगात फारसे उतरत नाही. उतरले, तरी जागा दुखत नाही, सुजत नाही, आणि इथेच घोटाळा होतो! शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर माणूस कळवळतो. साप चावलेला मात्र 'काही नाही हो' म्हणत कामाला लागतो.

अर्ध्या तासापासून काही तासांत मान, पाठ, मांड्या दुखू लागतात, अंग ताठते, जबडा उघडत नाही, पापण्या जड होतात. पुढे लघवी काळ्या चहासारखी होते. स्नायू विरघळून त्यांतले द्रव्य मूत्रपिंडात उतरत असते. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयही बंद पडू शकते.

आपल्याकडची सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषांपासून बनते. समुद्री सापाच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. त्यावरची लस ऑस्ट्रेलियात तयार होते. आपल्या रुग्णालयांत ती सहसा नसते. म्हणून रुग्ण वाचतो तो सलाईन, कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि गरज पडल्यास डायलिसिसवर. या सोयी असलेले रुग्णालय गाठावे. होडीतच हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, चालू देऊ नये. करकचून दोरी, ब्लेडने चिरणे, चोखणे यांपैकी काहीही नको. दुखत नसले तरी निदान आठ तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे, आणि प्रत्येक वेळची लघवी त्यांना दाखवावी.